जामीन मंजूर, तरी सुटका नाही

कोर्ट जामीन देत नाही म्हणून तुरुंग भरलेत, असं अनेकजण म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. जामीन मंजूर होऊनही आतच राहिलेले कच्चे कैदी (ज्यांचा खटला अजून संपलेला नाही) या चर्चेत कुणाच्याच लक्षात आले नाहीत. सुटकेसाठी अनेकदा स्थानिक जामीनदार मागितला जातो. पण परगावाहून मजुरीला आलेल्या माणसाला त्याच जिल्ह्यातला जामीनदार कोण मिळणार? ऐपतीचा दाखला, सातबारा, घरपट्टीची पावती हे सगळं घेऊन कोण उभं राहणार त्याच्यासाठी?

यावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला स्पष्ट निर्देश दिले आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांना ईमेलने जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) सचिवांना कळवायचं. महिन्याभरात हमीपत्र भरलं गेलं नाही, तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण असल्याचंही त्यात म्हटलंय, आणि अशा प्रकरणांत ती अट न घालण्याची सूचना आहे. माझ्या मते हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच फारसा कुणाला माहीत नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ पहिल्याच गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्यांच्या सुटकेसाठी आहे, ते चांगलंच आहे, पण जामीनदाराची अडचण त्यानेही सगळ्यांची सुटत नाही. ओळखीतलं कुणी असं अडकलं असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो.