इंग्लंडमधल्या इन्फंट स्कूलचा ख्रिसमस: शेवटच्या आठवड्याबद्दल सल्ला हवा आहे

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून इंग्लंडला आलो. मुलगा इयर टूमध्ये (सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग) आहे आणि लेक त्याच शाळेच्या नर्सरीत सकाळच्या वेळेला जाते. डिसेंबर लागल्यापासून दप्तरातून रोज नवी चिठ्ठी येते: नेटिव्हिटी (येशूच्या जन्माचं नाटक), जंपर डे (ख्रिसमसचा स्वेटर घालून जायचा दिवस), ख्रिसमस डिनर, क्रिस्टिंगल, पार्टी. नाटकात मुलगा इनकीपर आहे, म्हणजे येशूच्या आईवडिलांना, मेरी-जोसेफला, "जागा नाही" म्हणणारा धर्मशाळेचा मालक. लेक मेंढी.

शाळा सुटायच्या आधीच्या शनिवारी पुण्याची तिकिटं बरीच स्वस्त आहेत. शेवटचा आठवडा बुडवला तर चालेल का? पण नाटक नेमकं त्याच आठवड्यात आहे. दुसरं, आम्ही शाकाहारी आहोत (अंडं चालतं), तर शाळेतल्या खाण्याचं काय करायचं? आणि सासूबाई सध्या इथे आहेत. मुलं क्रिस्टिंगलसाठी चर्चमध्ये जाणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तिथे नक्की काय करतात? त्यांचा विरोध नाही, पण मला नीट उत्तर देता आलं नाही.

लेस्टरची_वहिनी
मृण्मयी, आठवडा बुडवू नकोस गं. इयर टू म्हणजे इन्फंट स्कूलमधली सगळ्यात मोठी मुलं. बोलायच्या भूमिका बहुतेक वेळा त्यांनाच मिळतात. पुढच्या वर्षी तो ज्युनिअर स्कूलला जाईल, तिथे नेटिव्हिटी असेलच असं नाही. आत्ताच देश बदलून आलेल्या मुलाला शिक्षिकेने संवाद असलेली भूमिका दिली आहे, म्हणजे त्याच्या इंग्रजीवर आणि त्याच्यावर विश्वास टाकला आहे. तिकिटाचे पैसे पुढे कधीतरी वाचवता येतील.

नियमवाला
कायद्याची बाजू सांगतो. नर्सरीला सक्तीच्या हजेरीचा कायदा लागू नाही, त्यामुळे लेकीचा प्रश्न नाही. रिसेप्शनच्या (नर्सरीनंतरचा, इयर वनच्या आधीचा वर्ग) मुलांनाही या पहिल्या टर्ममध्ये, म्हणजे डिसेंबरपर्यंत, तो लागू नसतो. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर जी ३१ डिसेंबर, ३१ मार्च किंवा ३१ ऑगस्ट ही तारीख आधी येते, तिथून सक्ती सुरू होते. मुलगा मात्र इयर टूमध्ये आहे. शाळा दिवसाला दोन सत्रं मोजते, म्हणजे पाच दिवस बुडाले की दहा सत्रं. दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी दहा सत्रं भरली की दंडाचा विचार करावाच लागतो, असा इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून नियम आहे. दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे: २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, नंतर २८ दिवसांपर्यंत १६० पौंड. तुम्ही दोघं मिळून किमान १६० पौंड, म्हणजे स्वस्त तिकीट तेवढं स्वस्त राहत नाही. आणि कृपा करून "आजारी आहे" असं खोटं कळवू नका. मुलं शाळेत खरं सांगून टाकतात.

शाळेतली_मावशी
मी इन्फंट स्कूलमध्ये टीचिंग असिस्टंट आहे. कपड्यांपासून सुरुवात करते, कारण तिथेच पालकांची सगळ्यात जास्त धावपळ होते.

मेंढीसाठी सुपरमार्केटमध्ये अंगभर एकसंध पोशाख मिळतो. तो घेऊ नका. त्याची चेन पाठीमागे असते, वर्गात तीस मुलं असतात, आणि नाटक सुरू व्हायला पाच मिनिटं असताना निम्म्यांना शू लागते. नर्सरीतल्या मुलाला तो पोशाख स्वतःहून काढता येत नाही. साधा पांढरा टी-शर्ट घ्या, पुढे-मागे कापसाचे गोळे टाका, खाली काळी लेगिंग. कापूस डिंकाने चिकटवलात तर रंगीत तालमीतच गळून पडतो, सुईदोऱ्याने टाके घाला. कान हेअरबँडवर लावा आणि तो बँड आधी घरी घालायला द्या. टोचला की मुलं स्टेजवरच काढून टाकतात. इनकीपरला जुना झब्बा, त्यावर ओढणीचा पट्टा आणि डोक्याला भांडी पुसायचा टॉवेल गुंडाळला की झालं. झब्बा घरात असेलच! सगळ्यावर आतल्या बाजूने नाव लिहा.

नाटकात तुम्ही कुठे बसला आहात ते मुलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. लहान मुलं स्टेजवर आली की आधी आईला शोधतात, सापडली की मगच तोंड उघडतात. जमलं तर हॉलच्या एका ठरावीक बाजूला बसा आणि त्याला तीच बाजू सांगा. लेकीला स्टेजवर रडू आलं तरी उठून धावू नका. आम्ही शेजारी गुडघ्यावर बसलेल्याच असतो.

खाण्याबद्दल. सरकारी शाळेत रिसेप्शन ते इयर टूच्या सगळ्या मुलांना २०१४ पासून दुपारचं जेवण मोफत आहे, आणि ख्रिसमस डिनर बहुतेक त्यातच येतं. शाकाहारी पर्याय आधी नोंदवावा लागतो, त्या चिठ्ठीची तारीख चुकवू नका. ग्रेव्हीबद्दल मात्र वेगळं विचारा. टर्कीच्या रसाची ग्रेव्ही शाकाहारी ताटातल्या बटाट्यांवरही ओतली जाऊ शकते. मार्शमेलो आणि जेली स्वीट्समध्ये बऱ्याचदा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं. मिन्स पाय या ख्रिसमसच्या गोड पदार्थात मांस नसतं, सुका मेवा असतो, पण त्यातलं सूएट (घट्ट चरबी) प्राण्याचं आहे की वनस्पतीचं, ते पाकिटावर वाचावं लागतं. शिक्षिकेला तोंडी सांगितलंत तरी शाळेच्या ऑफिसला लेखी ईमेल करा. पार्टीच्या दिवशी वर्गात दुसरीच कुणी असू शकते.

जुनाजाणता
सासूबाईंना असं सांगता येईल: क्रिस्टिंगलमध्ये प्रत्येक मुलाच्या हातात एक संत्रं असतं. संत्रं म्हणजे जग, त्याभोवतीची लाल फीत म्हणजे येशूचं रक्त, वर खोचलेली मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश, आणि चार काड्यांवर टोचलेला सुका मेवा किंवा गोळ्या म्हणजे चार ऋतू आणि जमिनीतून येणारं पीक. मूळ प्रथा जर्मनीतल्या मोरेव्हियन पंथाची, १७४७ सालची. इंग्लंडच्या चर्चमध्ये ती १९६८ मध्ये चिल्ड्रन्स सोसायटी या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने आणली. तो प्रार्थनेचाच कार्यक्रम आहे, हे मात्र त्यांच्यापासून लपवू नका. नको असेल तर शाळेतल्या सामूहिक प्रार्थनेतून मूल बाजूला ठेवायचा हक्क पालकांना १९९८ च्या कायद्याने दिला आहे, आणि त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही. आमची मुलं जायची. पालकांसाठी जागा आहे का ते शाळेला विचारून सासूबाईंना सोबत न्या, त्यांना स्वतः बघून जास्त कळेल.

(काड्यांवरच्या गोळ्यांनाही वरचा जिलेटिनचा मुद्दा लागू.)

लेस्टरची_वहिनी
बाकीचं पटकन. जंपर डेला नवा स्वेटर घेऊ नकोस, असलेल्या स्वेटरवर फेल्टचं झाड टाचून दे. तो सेव्ह द चिल्ड्रन या मदतसंस्थेचा उपक्रम आहे, देणगी ऐच्छिक असते. कार्डं सगळ्या वर्गाला दे किंवा कुणालाच नको. अर्ध्या वर्गाला दिलीस तर उरलेल्यांना लागतं. शिक्षिकेसाठी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गणी काढतात, त्यात जमेल तेवढं दे. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी मात्र नक्की दे, त्या शिक्षिका जपून ठेवतात.

नियमवाला
फोटोंबद्दल राहिलं. स्वतःच्या अल्बमसाठी फोटो काढायला डेटा प्रोटेक्शनचा कायदा आड येत नाही, पण शाळा आपला नियम करू शकते आणि तो पाळायलाच हवा. काही मुलं दत्तक किंवा फॉस्टर (आईवडिलांऐवजी सांभाळणाऱ्या) कुटुंबात असतात, ती कोणत्या शाळेत आहेत हे बाहेर कळणं त्यांना धोक्याचं असतं. त्यामुळे दुसऱ्यांची मुलं दिसणारा फोटो पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकू नका.

मृण्मयी_के
सगळ्यांचे मनापासून आभार. तिकिटं शाळा सुटल्यानंतरचीच काढतोय. झब्बा सापडला, कापूस आणला. ग्रेव्हीचा ईमेल आत्ताच पाठवला. सासूबाई क्रिस्टिंगलला येणार म्हणाल्या. एक शेवटचं: लेकीला फटाक्यांची फार भीती वाटते, आणि पार्टीत क्रॅकर आहेत म्हणे?

शाळेतली_मावशी
हो, दोघांनी दोन टोकं ओढली की फट् करून फुटतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. घरी एक पाकीट आणा आणि आधी तुम्ही दोघं ओढून दाखवा, तिला लांबून बघू द्या. तरी घाबरली तर तिच्या शिक्षिकेला सांगून ठेवा. आम्ही आतली आवाजाची पट्टी अलगद काढून देतो, मुकुट तसाच मिळतो.