शोपँ ऐकतोय खरा, पण याची सम कुठाय?

पेटीवाला_सांगली:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, नोकरी बँकेत आणि जीव पेटीत. भजनी मंडळात वाजवतो, कुणी बोलावलं तर नाट्यसंगीताला साथ करतो, बस्स. इंग्रजी संगीत म्हणजे माझ्या लेखी वरातीतला बँड. आता झालंय असं की पुतणी कीबोर्ड शिकते आणि तिच्या ग्रेडच्या परीक्षेला 'रोमँटिक पिरियड'मधला एक तुकडा आहे, नॉक्टर्न म्हणतात त्याला, ऑपस नऊ नंबर दोन. पुस्तकावरचं नाव वाचून मी म्हटलं हा चॉपिन कोण, तर पोरगी पोट धरून हसली, म्हणे काका ते शोपँ आहे. असू दे. पण दोन महिने झाले रोज संध्याकाळी सातला ते सुरू होतं आणि आता ते कानावर पडल्याशिवाय मला चहा जात नाही अशी गत झालीय.

अडचण अशी की मी मांडीवर ताल धरायला जातो आणि हमखास चुकतो. वाटतं आली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तर वरचा सूर तिथंच रेंगाळतो, मग एकदम पळत सुटतो. पुतणी निदान एक दोन तीन मोजून वाजवते, मोबाईलवर मोठमोठे कलाकार ऐकले तर सगळंच निसटतं. तर दोन प्रश्न. एक, याला रोमँटिक का म्हणतात, यात प्रेमबिम कुठाय, मला तर उलट हुरहूर लागते. आणि दुसरा म्हणजे खरा प्रश्न, यांच्यात सम असते का नसतेच?

पियानोताई_सातारा:
काका, 'रोमँटिक' शब्दावर सगळेच फसतात. माझ्या क्लासला एका आईनं विचारलं होतं, मुलीला हे आत्ताच वाजवायला चालेल ना म्हणून 😄 प्रेमगीतांशी त्याचा फारसा संबंध नाही. साधारण १८२० च्या आगेमागे सुरू होऊन १९०० पर्यंतचा तो काळ. त्याच्या आधी हायडन, मोझार्ट, घाट कसा नीटनेटका, आखीव. मग लिहिणारा माणूस स्वतःच मध्ये येऊन बसला, माझं स्वप्न, माझं दुखणं, माझा मुलूख, माझी नदी. बर्लिओझची १८३० ची सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, ऐका, त्यातला नायक अफूच्या अमलात बघतो की आपण प्रेयसीचा खून केलाय आणि आपल्याला शिरच्छेदाच्या जागी वाजतगाजत नेतायत, आणि पातं पडायच्या आधी एकटी क्लॅरिनेट तिची धून वाजवायला घेते आणि ती अर्ध्यावर धाडकन तुटते. आता याला रोमँटिक म्हणायचं तर म्हणा.

समेचं सांगते. शोपँ शिष्यांना सांगायचा की डावा हात म्हणजे कंडक्टर, वाद्यवृंद चालवणारा, त्यानं लय सोडायची नाही, उजव्यानं काय रेंगाळायचं ते रेंगाळावं. याला रुबातो म्हणतात, इटालियन शब्द आहे, अर्थ चोरलेला. तुम्हाला हे नवीन वाटायचं कारणच नाही, तबलजी ठेका धरून बसलेला असतो आणि गवई मात्र अक्षर मात्रेच्या मागंपुढं टाकत मजा घेतो, तेच हे. तुम्ही वरचं ऐकून मांडीवर हात मारताय म्हणून चुकताय.

आता पेटी घ्या. काळी दोनचा षड्ज धरा. पहिला सूर पंचम, तो समेच्या आधीचा, उचल समजा. तिथून एकदम वरच्या सप्तकातल्या गंधारावर उडी, ती सम. पुढं रे ग रे सा असं उतरतं. खाली डाव्या हातात तीन तीनचे गट, एक खालचा सूर आणि त्यावर दोन कॉर्ड, म्हणजे सा-ग-प सारखे दोन-तीन सूर एकदम दाबलेले, धुम् चक् चक्. असे चार गट, मिळून बारा. फक्त तो धुम् धरून ठेवा, वरच्याला मोकळं सोडा. आणि एक बघा, मुखडा परत येतो तेव्हा दरवेळी त्यावर नवी नक्षी असते. फरक एवढाच की आपल्याकडं ती जागेवर सुचते, इथं त्यानं लिहून ठेवलीय. तो शिष्यांना इटालियन ऑपेरातले गायक ऐकायला सांगायचा, पियानो गाता आला पाहिजे म्हणून.

तबलजी_मिरज:
ताई बरोबर बोलल्या. मी आत्ता सहा मात्रांचा दादरा लावून बघितला, दोन आवर्तनांत त्यांचा एक बार, म्हणजे बारा मात्रांचा फेरा, बसतो, एकदम चपखल. फक्त शेवटाकडं एक जागा आहे, तिथं उजवा हात वर जाऊन तेच ते सूर गरागरा फिरवत बसतो, तिथं आपण हात मांडीवर ठेवून गप बसायचं, तिथं ताल नाहीच.

पेटीवाले, तुम्हाला एक गंमत देतो. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी, १८९३ ची, त्यातला दुसरा भाग लावा. वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा नाच वाटतो, पण पाय अडखळतो, कारण तीन नाही पाच मात्रा आहेत, दोन आणि तीन अशा. धी ना, धी धी ना. म्हणजे अर्धा झपताल की हो! तिकडच्या लोकांना ते लंगडं वॉल्ट्झ वाटलं, आपल्याला त्यात लंगडं काहीच वाटत नाही. मी तर दोनदा ऐकून पूर्ण ठेका लावून दिला. ही सिंफनी पहिल्यांदा वाजली आणि नऊ दिवसांत हा माणूस गेला, ते वाचल्यावर शेवटचा भाग मात्र पुन्हा ऐकवला नाही.

खरं_ते_बोलतो:
ज्या मिरजेत बालकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी रुजवली, जिथं अब्दुल करीम खाँसाहेब झोपलेत, तिथल्या लोकांनी शोपँची सम शोधत बसायचं म्हणजे कमाल आहे. आपल्याकडं काय कमी पडलं का? आणि पेटीवर तो सा-ग-प एकदम दाबायचा प्रकार म्हणजे सुरांची मिसळ.

पियानोताई_सातारा:
भाऊ, ज्या पेटीवर काका भजन वाजवतात तिचा जन्म कुठला माहितीय का? १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या माणसानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा शोपँ त्याच गावात राहत होता. द्वोर्झाकनं तर १८७८ मध्ये दोन व्हायोलिन, एक चेलो आणि हार्मोनियम अशा चौघांसाठी बॅगटेल्स, म्हणजे छोटे तुकडे, लिहिलेत. ते काकांनी ऐकावेतच, पेटी तिथं साथीला नाही, बरोबरीनं बसलीय. राहिला मिसळीचा प्रश्न, तर सांगली-साताऱ्यात मिसळीला नावं ठेवू नका.

हरिपूरचा_पाहुणा:
इथं एक साल सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८४३. सांगलीत राजेसाहेबांच्या पुढं विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते हे साल. त्याच वर्षी जानेवारीत ड्रेस्डेनला वाग्नरचा 'फ्लाइंग डचमन' ऑपेरा रंगमंचावर आला. पुढं १८८२ ला इकडं संगीत सौभद्र, तिकडं बायरॉइटला वाग्नरचा शेवटचा ऑपेरा पार्सिफाल. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, पण नाटकाला गाण्यानं कसं पेलायचं हेच दोन्हीकडं चाललेलं. आमच्या हरिपूरचे नाटककार देवल त्यातलेच. त्यामुळं हे परकं-बिरकं मला फार पटत नाही. अर्थात आपल्याकडं वन्समोअर मिळाला की पद पुन्हा व्हायचं, वाग्नरच्या ऑपेऱ्यात पद संपतच नाही तर वन्समोअर द्यायचा कुठं 😂

चर्चमधला_टेनर:
मी मिरजेचा, लहानपणापासून कॉयरमध्ये गातो. वाग्नरचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडं लग्नात नवरी आत येताना जे वाजतं ते वाग्नरच्या लोहेनग्रिन ऑपेऱ्यातलं, १८५० चं, आणि लग्न लागून जोडी बाहेर पडताना वाजतं ते मेंडेल्सनचं, १८४२ चं. गंमत काय, मेंडेल्सन गेल्यावर तीन वर्षांनी याच वाग्नरनं त्याच्यावर आणि एकूणच ज्यू संगीतकारांवर अत्यंत विखारी लेख लिहिला. आणि गेली दीडशे वर्षं दर लग्नात दोघं एकाच दाराशी, एक आत आणतोय, दुसरा बाहेर नेतोय.

पण काका तुमच्या समेबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय. ताईंनी सांगितली ती तालाची सम. तुम्हाला जी हुरहूर लागते ना, ती बहुतेक दुसऱ्याच समेची आहे. पेटीवर सा ग प एकत्र दाबा. मग म ध सा. मग प नी रे, आणि इथंच थांबा, बोटं उचला, पाणी पिऊन या. बसवणार नाही तुम्हाला, सा ग प परत दाबल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटणारच नाही. हीच त्यांची सम, स्वरांच्या गठ्ठ्याची. मोझार्टच्या काळात ती वेळेवर घरी यायची, दिवेलागणीला. रोमँटिकवाल्यांनी काय केलं तर घर दिसू द्यायचं पण दार उघडायचं नाही. शोपँ तुम्हाला अंगणापर्यंत नेतो आणि तिथून दुसऱ्याच गल्लीत वळवतो. वाग्नरनं तर कहरच केला, त्रिस्तान नावाचा ऑपेरा आहे, म्युनिकला १८६५ ला झाला, त्याच्या दुसऱ्याच बारमध्ये एक असा कॉर्ड येतो की तो कुठंतरी टेकावा असं वाटत राहतं, आणि तो टेकतो कधी तर तिसऱ्या अंकाच्या अगदी शेवटी, चार एक तासांनी. म्हणजे विलंबितचा बाप. मी एकदा रात्रभर जागून ऐकलाय, मध्ये दोनदा डुलकी लागली हे कबूल, पण शेवटी तो टेकला तेव्हा खरंच खांदे खाली आले.

माहुलीकर:
मी फार जाणकार नाही, पण गाण्यात नदी म्हणाल तर माझ्याकडं एकच आहे. स्मेताना म्हणून चेक संगीतकार, त्याचं व्हल्तावा. सुरुवातीला बासऱ्या झुळझुळतात तो एक झरा, मग क्लॅरिनेट येतात तो दुसरा, मग दोन्ही मिळून नदी होते आणि व्हायोलिनवर ती मोठी धून सुरू होते, खालच्या पंचमावरून उचलून सा रे कोमल ग म प अशी सरळ चढत जाते, वर कोमल धैवताला शिवून पंचमावर परत, मला किरवाणी रागाच्या जवळची वाटते, चुकत असेन तर सांगा. पुढं काठावर शिकार, शेतकऱ्यांचं लग्न, रात्रीचं चांदणं, मग खडकाळ खळाळ आणि शेवटी प्राग शहर. बारा मिनिटांत सगळी नदी. मी संगम माहुलीच्या घाटावर हेडफोन लावून ऐकलं, समोर वेण्णा कृष्णेत मिसळतेय आणि कानात क्लॅरिनेट बासरीत. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

एवढंच सांगतो, १८७४ च्या ऑक्टोबरात तो पूर्ण बहिरा झाला आणि हे त्यानं नोव्हेंबर-डिसेंबरात लिहिलंय.

तबलजी_मिरज:
खळाळाचा भाग आत्ता ऐकला. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं पाणी बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

खरं_ते_बोलतो:
ते नदीचं ऐकलं. बरं आहे. शोपँबद्दल मत तेच.

पेटीवाला_सांगली:
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवण झाल्यावर काळी दोन धरून बसलो. ताई, ती उचल सापडली! पंचम, मग वर गंधार, आणि धुम् बरोबर त्याच्याखाली पडतो, इतके दिवस मी पंचमालाच सम समजून हात मारत होतो, चुकणारच. टेनरसाहेब, तुमचा प नी रे दाबून खरंच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर आतून बायको ओरडली, ते काय अर्धवट सोडलंय ते पुरं करा आधी. तिला गाण्यातलं काही कळत नाही असं ती स्वतः म्हणते.

आता नवीन अडचण. माझा डावा हात भात्यावर. उजव्या हातानं गंधार धरला तर धुम् चक् चक् कुणी वाजवायचं? पुतणीला कीबोर्डवर डावा हात वाजवायला बसवलं, पण कीबोर्डचा आणि पेटीचा सूर किंचित जमत नाही, दोघं मिळून भांडल्यासारखं होतं. मग आठवलं की माळ्यावर आजोबांची पायपेटी आहे, संगीत नाटकाच्या जमान्यातली, भाता पायानं मारायचा म्हणजे दोन्ही हात मोकळे. आज उतरवली. पट्ट्या सगळ्या शाबूत आहेत, दोन सूर गेलेत आणि भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लंय, पाय मारला की नुसता फुस्स.

तर तबलजी, मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर गल्लीभर आहेत ते ठाऊक आहे, पण पायपेटीचा भाता बदलून देणारं अजून कुणी आहे का? पुतणीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, त्याच्या आधी मिळाली तर बरं. दादरा धरायला तुम्ही या, भडंग माझ्याकडं.