मदत हवी आहे : १२० तास भरले, पण पत्र मिळत नाही

नाकतोडा_२१ :
सोमवारी फाइल द्यायची आहे. कॉलेजला लागणारे स्वयंसेवेचे तास भरलेत, पण जिथे काम केलं ती संस्था तसं पत्र देत नाही आणि कॉलेज पत्राशिवाय तास धरत नाही. काय करू? लवकर सांगा प्लीज.

आडवाट :
कसलं काम? विषय कुठला? पत्र देत नाही म्हणजे चक्क नाही म्हणाले, की उद्या-परवा चाललंय? एवढं तरी लिहा.

बोरूबहाद्दर :
आम्ही रोपवाटिकेत दोन वर्षं पिशव्या भरल्या, कुणी कागद मागितला नाही. आणि एकाच जातीची हजार रोपं लावून जंगल होत नसतं, हे लक्षात ठेवा.

नाकतोडा_२१ :
काका, मी झाडं लावत नाहीये. पर्यावरणशास्त्र, दुसरं वर्ष. आमचं काम बघणाऱ्या ताई संस्था सोडून गेल्या. नवीन माणूस म्हणतो, "मी तुला पाहिलंच नाही, सही कशी करू?"

खडूस_पाणकोंबडी :
फुकट राबवून घ्यायचं आणि वर कागदालाही नाही म्हणायचं! स्वयंसेवक आपल्या सवडीने येतो. वेळ ठरवून, वर माणूस नेमून कामाला लावलंत तर ती नोकरी झाली, पैसे द्या.

दगडफूल :
अर्धं पटलं. मी अशी छोटी संस्था चालवली आहे. पहिले पंधरा दिवस मुलांना शिकवण्यात आमचाच एक माणूस अडकतो. एकदा एक गट घाणेरीची (लँटानाची) झुडपं काढायला आला. वरून झकास कापून, फोटो काढून गेला, मुळं जमिनीत तशीच. पावसात दुप्पट फुटवे! ते उपटायला पुन्हा आम्हीच.

खडूस_पाणकोंबडी :
मुळं उपटायची असतात हे आधी सांगितलं होतंत का?

दगडफूल :
दोनदा.

आडवाट :
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. नाकतोडा, नक्की काय केलंत ते अजून आलेलं नाही.

नाकतोडा_२१ :
फुलपाखरं मोजली. शनिवारी ठरलेल्या वाटेने चालायचं, रविवारी नोंदी एक्सेलमध्ये भरायच्या.

दगडफूल :
अहो मग हे ट्रान्सेक्ट झालं, म्हणजे ठरलेल्या वाटेवरची गणना! पोलार्ड पद्धत ना? दोन्ही बाजूंना अडीच मीटर, पुढे पाच मीटर, त्या चौकटीत दिसेल तेवढंच मोजायचं. ब्रिटनमध्ये १९७६ पासून अशीच गणना चालू आहे. प्रत्येक फेरीच्या तक्त्यावर तारीख, सुरू-संपल्याची वेळ, ऊन, वारा लिहिलेलं असतं. ते तक्ते कुठे आहेत?

नाकतोडा_२१ :
माझ्याकडेच. वीस. एकावर पाणी सांडलंय. ते चालतील??

आडवाट :
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना!

पिक्सेल :
तक्ते सोडा, फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, निसर्गनोंदींची साइट आहे. तारीख-ठिकाण फोटोतूनच उचललं जातं. दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी ओळख मान्य केली की रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासात वापरण्याजोगी नोंद.

खडूस_पाणकोंबडी :
आणि दुर्मीळ जातीचं ठिकाण सगळ्या जगाला कळलं की?

पिक्सेल :
धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण ते आपोआप धूसर करतात.

दगडफूल :
उडतं फुलपाखरू मोजता येतं, दर वेळी फोटोत येत नाही. त्यामुळे वीस तक्ते हीच तुमची हजेरी. ताईंना आजच मेल करा. संस्था सोडली म्हणून त्यांनी पाहिलेलं पुसलं जात नाही. "या काळात देखरेख माझी होती" एवढं लिहून घ्या, तक्त्यांच्या प्रती जोडा आणि पत्रात "उपलब्ध नोंदींनुसार" असं घालायला सांगा. मग सही करणाऱ्यालाही खोटं लिहावं लागत नाही.

बोरूबहाद्दर :
अवांतर : जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्या. साधे चालत नाहीत.

नाकतोडा_२१ :
ताईंचं मेल आलं!! पण तीन तक्त्यांवर संपल्याची वेळच लिहिलेली नाही. तीन-तीन तासांच्या फेऱ्या होत्या. धरू का?

दगडफूल :
नाही. आता आठवून लिहूही नका.

नाकतोडा_२१ :
म्हणजे १११ झाले.

आडवाट :
कॉलेजमधल्या गाईडला आत्ताच फोन करा, फाइल देताना सांगू नका.

नाकतोडा_२१ :
केला. म्हणाले, उरलेले नऊ रविवारपर्यंत भर. उद्या शनिवारच आहे. त्या नवीन माणसालाच वाटेवर सोबत नेते, तक्ता त्याच्या हातात देते. यायला तयार झालाय, फक्त फुलपाखरं ओळखता येत नाहीत म्हणाला.