भागतं, पण सगळं नाही

जर्मनीत शिकायला जाण्याबद्दल एकाने लिहिलंय, "जर्मनीत फी नाही, पार्टटाइम केलं की सगळं भागतं." अर्धं खरं आहे. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहेच. शिवाय व्हिसासाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागतात, आणि त्यातले महिन्याला 992 हातात येतात.

मुख्य गफलत होते ती कामाचे दिवस मोजण्यात. मार्च 2024 पासून विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतची शिफ्ट म्हणजे अर्धा दिवस. माझ्या वेळी पूर्ण दिवस 120च होते, आणि मी शहाणा बेकरीत साडेचार तासांच्या शिफ्ट घेत होतो! त्या अर्ध्या तासापायी दर वेळी अख्खा दिवस कापला गेला आणि ऑक्टोबरातच कोटा संपत आला. मालकाला त्याचं काय? त्याला पहाटे पाचला पाव लावायला माणूस हवा होता.

विद्यापीठातलं 'हिवी' काम, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालची मदतनिशी, या दिवसांत धरत नाहीत. पैसे बेताचे, पण परीक्षेच्या आठवड्यात सुट्टीसाठी तोंड वेंगाडावं लागत नाही. थेट मेल टाका, जाहिरातीची वाट बघू नका.

आणि कुणी डिलिव्हरीचं काम 'फ्रीलान्स' म्हणून देऊ केलं तर आधी थांबा. स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, ती विद्यार्थी परवान्यात आपोआप येत नाही.