मदत हवी आहे: प्रथिनांत डावीच अमिनो आम्लं का?

जाणकारांनो, जीवरसायनशास्त्र वाचताना एका ठिकाणी गाडी अडली आहे.

प्रथिनं ज्या 20 अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांपैकी ग्लायसिन सोडलं तर प्रत्येकाची दोन रूपं शक्य आहेत, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी. अणू तेच, बंध तेच, फक्त मांडणी आरशातली. पण रायबोसोम (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) साखळीत डावंच रूप जोडतो. इथवर पटतं: दोन्ही रूपं कशीही मिसळली तर अल्फा हेलिक्सचा (प्रथिनाच्या साखळीच्या मळसूत्री वळणाचा) नीट पीळ बसणार नाही. उजवी रूपं पेशीला वर्ज्य आहेत असंही नाही. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत डी-अॅलॅनिन (अॅलॅनिन या अमिनो आम्लाचं उजवं रूप) असतंच.

माझा प्रश्न त्याआधीचा आहे. 1953 च्या मिलरच्या प्रयोगात (आदिम पृथ्वीसारख्या वायुमिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्लं बनवली तो) दोन्ही रूपं सारख्या प्रमाणात तयार झाली. मग एकाच बाजूची निवड झाली कशी? 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत आयसोव्हॅलिन या अमिनो आम्लाचं डावं रूप थोडं जास्त सापडलं, हे वाचलंय. पण एवढ्याशा फरकातून जवळपास शंभर टक्के एकाच बाजूला झुकणं कोणत्या रासायनिक प्रक्रियेने शक्य होतं? आणि डीएनए-आरएनएमधली साखर मात्र उजवी, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का?

पदवीच्या पातळीवर कुणी उलगडून सांगाल का? समीकरणं आली तरी चालतील.