मारहाण झाली नाही, तरी लहानपणाची भीती अजून का जात नाही?

प्रश्न (खानापूर तालुका)
आई गेल्यावर मी नात्यातल्याच एका घरी वाढले. तिथे कोणी हात उगारला नाही, खाण्यापिण्यात कमी केले नाही. मात्र तापाने फणफणले तरी कपाळावर हात ठेवायला कोणी येत नसे. आज संसार सुखाचा आहे. तरीही यजमानांनी पेला जरा जोरात ठेवला की माझे हात गार पडतात आणि चार वर्षांची मुलगी रडू लागली की तिला जवळ घेण्याऐवजी मी नुसती उभी राहते. ज्यांनी सांभाळले त्यांच्याविषयी असे लिहिणे कृतघ्नपणाचे वाटते, पण याचा लहानपणाशी खरोखर संबंध असतो का?

प्रतिसाद (निपाणी)
असतो, ताई. फेलिट्टी, अँडा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्या प्रौढांमध्ये मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट आढळला. पुढच्या टप्प्यात भावनिक उपेक्षाही आघातांत मोजली गेली. हे आकडे समूहाचे आहेत, त्यावरून तुमचे भविष्य ठरत नाही.

प्रतिसाद (बेळगाव)
मी रुग्णसेवेत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. घाबरलेल्या मुलाला कोणी जवळ घेऊन शांत केले, तर त्याचे शरीरही हळूहळू स्वतःला सावरायला शिकते. ते वारंवार घडलेच नाही, तर धोका टळल्यावरही शरीर सावध राहते आणि साध्या आवाजानेही छाती धडधडू लागते. मुलगी रडताना तुम्ही थिजता, त्यात मायेची उणीव मला दिसत नाही. थिजलात तरी भानावर आल्यावर तिला जवळ घ्या आणि ‘मी इथेच आहे’ असे सांगा. उशिरा जवळ घेतले तरी ती माया मुलांना पोहोचते. आघातावर बेतलेल्या मानसोपचारांचा अनेकांना उपयोग होतो. शासनाच्या टेलिमानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे भाषा निवडता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळची आहे. कानडी उत्तम येत असले तरी मराठीतून बोलणारे कोणी आहे का, हे आवर्जून विचारा.

प्रतिसाद (चिकोडी)
माझेही बालपण असेच गेले. सांभाळणाऱ्यांचे उपकार मी मानतो आणि त्यांच्या घरी एकटा पडलो होतो हेही सांगतो. समुपदेशकांनी मला त्यांच्याशी भांडायलाही लावले नाही आणि क्षमा करायलाही.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. आज रात्री यजमानांना हे वाचायला देते आणि उद्या मुलगी बालवाडीत गेली की फोन करते.