क्रेडिट कार्ड बंद करायचं तर लेखीच कळवा
एकाची तक्रार आहे की 'लाइफटाइम फ्री' म्हणून बँकेने गळ्यात मारलेल्या क्रेडिट कार्डावर दुसऱ्या वर्षी फी लागली आणि कस्टमर केअर नुसतं टोलवतंय. फोनवर वाद घालूच नका. बंद करा म्हटलं की पॉइंट्सचं आमिष दाखवतात, विनंती मात्र नोंदवत नाहीत. माझ्या वडिलांना असंच झुलवलं, फार संताप आला. बँकेला ईमेल करा. आधी ती फी, वरच्या १८ टक्के जीएसटीसकट, रद्द करून घ्या. कारण थकबाकी नसेल तरच रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम लागतो: ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद, नाहीतर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा, तिथे तक्रार फुकट नोंदवता येते.